पाहुना बोटीत असला का बोट वाजे नाई

हेमराज माघात गेला. पुरात नाई, पान्यात नाई. सकाळी अंगनात उभ्यानं चहा पेऊन राह्यला होता, छातीत कळ आली आन् दवाखान्याच्या रस्त्यातच संपला. लोकाइले वाटे का हा नदीचा मानूस, नदीतच जाईन. तसं नाई झालं. आता घरी कोनी भेटाले आलं का त्या बोटीची आन् त्या डब्ब्याची गोष्ट निघतेच, आन् जो तो आपल्या मनची मीठ-मिरची लावून सांगते. कोनी म्हनते हेमराजनं मशीनले हरवलं, कोनी म्हनते मशीननं हेमराजले हरवलं. दोन्ही खोटं. म्हून एकदा जसं झालं तसं सांगून ठेवाव.

आमचा हेमराज जातीचा ढिवर, मासोळी-डोंग्याचा मानूस. मार्कंड्याच्या खालच्या अंगाले वैनगंगेच्या काठावर आमची टोली आहे, तिथलाच. बुटका गडी, खांदे मातर बैलाचे. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असला का बोले नाई, आन् खर्रा नसला का दुसऱ्याले बोलू दे नाई. हिवाळ्यात नाटक आलं का स्टेजच्या अगदी समोर चादर टाकून बसे आन् विनोद्यानं तोंड उघडाच्या पयलेच हासे, काऊन का ते सगळं त्यानं मागल्या वर्षी बाजूच्या गावात आयकलेलं राहे. मासोळी अशी रांधे का घरी सोयरे आले तं वच्छला, म्हंजे त्याची बायको, चूल त्याच्याच हवाली करे. ती म्हने, "दुसऱ्याच्या घरी बाया रांधतात, माह्या इथी मले नुसती कांदे कापाची नौकरी आहे."

आमच्यात एक रीत आहे, ते सांगतल्याबिगर समोरचं समजनार नाई. डोंग्यात, म्हंजे लाकडी होडीत, पाहुना बसला का डोंगा वाजला नाई पाहिजे. म्हंजे लाटेवर चढला आन् धपकन खाली पडला, तळ पान्यावर आपटला, असा आवाज काठावर आयकू आला नाई पाहिजे. एकटा असला तं कसाही आन. मासोळ्या भरून आनल्या तं मासोळ्याइले काय समजते. पन पाहुना, त्यातल्या त्यात सोयरा, असा आनाव का त्याच्या हातातल्या गिलासातलं पानी हालू नये. वाजला तं काठावरच्या बाया सोडत नाईत. "काय गा, ढोल वाजवत आनला का सोयरा?" असं म्हनतात, आन् ते मंग मानूस म्हातारा होईपर्यंत चालते. हेमराजची आन् वच्छलाची वळखच तशी झाली. तो पलीकडल्या गावी वरात घेऊन गेला होता, काठाले लागता लागता एक लाट आली, डोंगा वाजला, आन् बायाइतून सगळ्यात मोठ्यानं जे पोट्टी हासली ते वच्छला. तवापासून पाहुना बसला आन् हेमराजचा डोंगा वाजला असं कोनी आयकलं नाई.

मंग एका वर्षी लय मोठा पूर आला. नदीकाठची गावं तुटली, लोक छपरावर बसून राह्यले. त्याच्या दुसऱ्या वर्षी सरकारी लोकाइनं फायबरची बोट देली, मांगं हे मोठं इंजन. डोंगा चालवनाऱ्याइले बलावलं, शिकवलं, त्याच्यातून हेमराज निवडला. पावसाळाभर अडकलेले लोक, साप चावलेले, बाळंतपनाच्या बाया, सगळे त्याच बोटीतून. हेमराजले त्या बोटीची मोठी शान. धुऊन पुसून ठेवे. वच्छला म्हने, "माह्या लुगड्याले कधी साबन लावलं का असं?"

पन त्या बोटीचं एक होतं. लाकडाचा डोंगा लाटेवर चढते आन् उतरते. हे बोट लाटेवरून उडते आन् पडते. वरून धार जोरात येऊन राह्यली आन् खालून उलटा वारा सुटला का वैनगंगेची लाट आखूड होते, उभी होते, एकामांगं एक. धिरे चालवली तं काही नाई. पन आत साप चावलेला मानूस असला तं धिरे कोन चालवन? हेमराज इंजन पुरं खोले, आन् बोट उडे आन् पडे, आन् पडली का तो दनका बसाच्या पाटीतून कंबरेत, कंबरेतून मानेत. एक वेळ काही होत नाई. दोन वेळ काही होत नाई. पावसाळ्यामांगं पावसाळे गेले तवा मातर हेमराजले खाली बसता येनं बंद झालं. जेवन मांडवाच्या खांबाले टेकून उभ्यानं. नाटकातही उभा राहे, आन् मांगचे लोक शिव्या देत.

शेवटी वच्छलानं जबरदस्तीनं गडचिरोलीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाठीचा फोटो उजेडासमोर धरला आन् सांगतलं का मनक्याच्या मधात ज्या गाद्या राहतात त्या खालच्या दोन जागी घासून गेल्या. इचारलं, काय काम करता? हेमराजनं सांगतलं. डॉक्टर म्हने, हा पावसाळा संपला का बोट बंद. तोपर्यंतही दनके खायचे नाईत.

हेमराजले आपल्या पाठीचं तेवढं वाटलं नाई. त्याच्या डोस्क्यात दुसरंच सुरू झालं. त्याची पोरगी दिव्यानी, एकुलती एक. बारावी झाली, मंग पुरात लोकाइले काढाचं शिकवतात त्या कँपात जाऊन आली, बोट चालवाले शिकून आली. आंगानं बारीक पन हात बापाचा. डॉक्टरकडून घरी आल्यावर ते पयलं वाक्य हेच बोलली.

"बोट मले द्या, बाबा."

"नाई देत."

"पोरगी हाव म्हून?"

"पाठ आहे म्हून."

दिव्यानी आपल्या मायकडं पाहे, माय कांद्याकडं पाहे. हेमराजनं मंग समजावून सांगतलं का बाई, तू माह्याइतकीच जोरात चालवशीन, मले मालूम आहे. आत कोनाची माय मरून राह्यली असन तं तू काही इंजन कमी करनार नाई. तुही पाठ माह्यापेक्षा लवकर जाईन. उद्या तुहं लगन होईन, लेकरं होतीन, आन् तू तिशीत खांबाले टेकून जेवशीन. बोट देनारा सरकारी साहेब मले इचारनारच का हेमराज, तुह्या जागी कोन. मी तुहं नाव सांगनार नाई.

दिव्यानी रुसली. घरात बोलनं फक्त मायसंगं. बापाले काही सांगाचं असलं तं मांजरीले सांगे. "मने, बाबाले म्हन चहा थंडा होऊन राह्यला."

असं सुरू असताना नागपूरहून साधनाबाई आली. इंजिनिअरच्या कॉलेजात शिकवे. चष्मा, पायात गमबूट, आन् संगं एक पेटी. तिनं सांगतलं का समुद्रात ज्या जोरात पळनाऱ्या बोटी राहतात त्याइच्यावरच्या लोकाइच्या पाठीही अशाच जातात. तिकडं यावर काम होऊन राह्यलं, पुराच्या बोटीवर मातर कोनी केलं नाई, म्हून साहेबानं तिले हेमराजकडं धाडलं. पेटीतून तिनं एक डब्बा काढला, साबनाच्या वडीएवढं एक यंत्र बसाच्या पाटीखाली लावलं, एक बोटीच्या नाकावर. नाकावरचं समोरचं पानी पाहे, पाटीखालचं दनका मोजे, आन् डब्ब्यात कंप्यूटर.

हेमराजनं इचारलं का हे करन काय? तिनं सांगतलं, "भाऊ, हे आता काहीच जानत नाई. तुमी चालवाल तसं हे पाहन. नाक किती वर गेलं, गती किती होती, समोर लाट कशी होती, आन् मंग दनका किती बसला. असं लय वेळा पाहालं का याले जोड लागन, का असं असं झालं का आता मोठा दनका येते. दनका बसाच्या पयले हे हँडलले थरथरवन, मोबाइल थरथरते तसं. तेवढ्यात इंजन जराक कमी केलं का बोट उडत नाई."

"म्हंजे मी म्हातारा होईपर्यंत जे शिकलो ते हे पावसाळ्यात शिकन?"

"तुमचं सगळं नाई शिकत. एवढं एकच."

हेमराजले ते आवडलं. त्यानं खर्रा थुकला, म्हंजे आता बोलनं महत्त्वाचं आहे, आन् सगळ्याइसमोर सांगतलं का हे यंत्र खरं निघालं तं बोट दिव्यानीले, आन् खोटं निघालं तं मी साहेबाले दुसऱ्या कोनाचं नाव सांगतो, मंग माह्यासंगं मांजरीनंही बोलू नये. दिव्यानी पयल्यांदा हासली.

तवापासून साधनाबाई दर आठवड्यात ये. हेमराज तिले बोटीत बसवे आन् नदीभर फिरवे. जाये कसा? लाट आली का तिच्या तिरपा जाये, वर चढता चढता इंजन कमी करे, उतरता उतरता वाढवे. बाई मांडीवर कंप्यूटर घेऊन बसे, हातात वच्छलानं देलेला चहा, आन् चहाचा एक थेंब सांडे नाई. बाई म्हने वारा असताना चला, तं हा वाऱ्यात नेई. बाई म्हने जोरात चला, तं हा जोरातही नेई, पन चहा सांडे नाई. काठाले आल्यावर त्याची छाती फुगलेली राहे.

बाई नसताना डब्बा बोटीतच राहाचा होता, रोजच्या कामात त्यानं शिकाचं होतं. आन् तीन पेच, म्हंजे स्क्रू, सोडले का सगळं निघते हेही तिनंच दाखवून ठेवलं होतं, मोठा पूर आला तं घरी नेता याव म्हून. झालं असं का पेशंटचा फोन आला का हेमराज पयले ते तीन पेच सोडे. वच्छलाच्या जुन्या लुगड्यात सगळं नीट गुंडाळे, धानाच्या कोठीवर ठेवे, आन् मंग जाये. पाहुन्याची वस्तू, भिजली तं? दनक्यानं फुटली तं? बाईले काय तोंड दाखवाचं? पेशंट काठाले लागला का आल्यावर पुन्हा लावे, आन् फडक्यानं पुसेही.

पोळा झाला तवा साधनाबाईनं डब्ब्याले जोखून पाहालं. हँडलले थरथरीचं यंत्र लावलं आन् म्हने चालवा. हेमराजनं चालवली. हँडल गप. मंग दिव्यानीनं चालवली, दोनदा बोट चांगली आपटली. हँडल गप. जसं काही झालंच नाई. बाईनं तारा पाहाल्या, पेच पाहाले, कंप्यूटर उघडून नदीकाठी उन्हात बसून राह्यली. सगळं बराबर होतं. समोर लाट कशीही असो, डब्बा एकच सांगे का काही होनार नाई.

ती नागपूरले परत गेली. हेमराज घरी येऊन खांबाले टेकला. त्याले राग नव्हता, वाईटच वाटलं. दिव्यानीले म्हने, "पाहालं ना बाई. तुहं नशीब मी नाई मोडलं. आता पावसाळा उतरला का मी साहेबाले दुसऱ्याचं नाव सांगतो." दिव्यानीनं मांजरीलेही काही सांगतलं नाई. ते दुसऱ्या घरी, मामीकडं जेवाले गेली.

आठ दिसात साधनाबाई फोन न करताच आली. अंगनात उभी राह्यली आन् चप्पल काढाच्या पयलेच म्हने, "हेमराजभाऊ, तुमच्या पाठीचा फोटो म्हनते का हे बोट वर्षानुवर्ष आपटून राह्यली. दिव्यानीचे ते दोन दनके सोडले तं माह्या डब्ब्यात पावसाळाभरात एकही आपटनं नाई. एकही नाई. दोघातलं खोटं कोन बोलून राह्यलं?"

वच्छला आतून आली, हातात तसाच कांदा आन् चाकू, आन् हासली. कशी हासली म्हनान, तं वरातीच्या दिशी हासली असन तशीच.

"बाई, तुमी बोटीत असल्यावर ते वाजन कशी? तुमी पाहुन्या ना."

"आन् मी नसताना?"

"तुमी नसताना तुमचा डब्बा माह्या लुगड्यात झोपून राहे. कोठीवर."

बाई काही वेळ समजलीच नाई. मंग समजली, आन् मट्टकन वट्ट्यावर बसली. ज्या फेऱ्याइत बोट आपटली, त्या फेऱ्याइत डब्बा घरी. ज्या फेऱ्याइत डब्बा बोटीत, त्या फेऱ्याइत हेमराजनं नदीलेच दुधावानी करून ठेवलेलं. त्या यंत्रानं बिचाऱ्यानं दनका काय राहते ते पाहालंच नव्हतं, त्याले कोठून वळखू येईन? बाई रागावली नाई. म्हने, चूक माही आहे, मी पयल्याच आठवड्यात आतले आकडे पाहाले पाहिजे होते. मले चहा गोड लागला आन् मी पाहाले नाई.

मंग ती म्हने, "आता भाऊ, मले खराब चालवून दाखवा."

हेमराज बोटीत बसला. बाई काठावर थांबली, म्हंजे पाहुना आत नको. लाट आली, आन् हेमराजचा हात आपोआप मांगं आला, बोट अलगद उतरली. पुन्हा गेला. पुन्हा तसंच. काठावरून दिव्यानी ओरडे का बाबा हात सोडा, आन् हेमराज ओरडे का सोडूनच आहे. पन सुटे नाई. त्याच्या मनात डब्बा बोटीत आहे म्हंजे बाईच बोटीत आहे. अर्ध्या घंट्यानं आला तं कपाळावर घाम. म्हने, "बाई, दुसरं काही सांगा. हे नाई होत."

दिव्यानी म्हने मी करतो. तवा हेमराज चिडला. ज्या पाठीसाठी हे सगळं सुरू आहे, तेच पाठ मोडून यंत्राले शिकवाचं का? इथी साधनाबाईनं तोड काढली. पाटीवर कोनीच बसाचं नाई. पाटीवर रेतीचं पोतं, मानसाएवढ्या वजनाचं, दोरानं बांधाचं. दिव्यानीनं मांगं उभं राहाचं, गुडघे वाकवून, म्हंजे दनका पायात जिरते, पाठीत जात नाई. आन् अर्ध्या घंट्यावर एका वेळी चालवाचं नाई.

हेमराजनं दिव्यानीचे गुडघे आपल्या हातानं वाकवून पाहाले, आन् मंग हो म्हनला. पोतं त्यानंच बांधलं.

तो दिस टोली इसरनार नाई. उलटा वारा होता, धार होती, आन् दिव्यानीनं बोट अशी फेकली का धप, धप, धप, नदीच्या या काठचं त्या काठाले आयकू जाये. काठावर धुनं धुनाऱ्या बाया उठून उभ्या राह्यल्या.

"हेमराज गा," एकजन म्हने, "पोट्टीनं तं बँडपार्टीच आनली."

हेमराज खर्रा चघळत राह्यला. तो पोत्याकडं पाहून राह्यला होता. बोट वर गेली का पोतं पाटीवरून उचले, दोराले ताने, आन् बोट खाली आली का पोतं बदकन बसे, असं बसे का चपटं होऊन बाजूनं फुगे. पुन्हा उचले. पुन्हा बसे. त्या जागेवर तो इतकी वर्ष बसला होता. आतून मानसाले समजत नाई, लाट दिसते, पेशंट दिसते, काठ दिसते. आपन कसे दिसतो ते त्यानं त्या दिशी पाहालं. वच्छला बाजूले उभी होती. तिचं हासनं कवाच बंद झालं होतं. तिसऱ्या फेरीत पोत्याची शिवन उसवली आन् रेती पाटीवरून वाहू लागली, तवा ते पदर तोंडाले लावून घरी निघून गेली. त्या दिशी चूल कोनीच पेटवली नाई, मामीकडून भाकर आली.

पंधरा-वीस दिस असंच चाललं. धारेत, धारेच्या उलटं, आडवं, हलकी बोट, भरलेली बोट. पोतं हेमराजच शिवे. साधनाबाई ते सगळं नागपूरले ने, कंप्यूटरले चारे आन् परत आने. तिनं डब्बा पुन्हा जोखला तवा हँडल थरथरलं, आन् थरथरल्यावर श्वास घेईपर्यंत बोट आपटली. दिव्यानी चालवे, आन् हेमराजनं तिच्या बाजूले उभ्यानं हँडलले हात लावून ठेवला होता. म्हने, "आता वळखते." पन बाईनं खरं ते सांगतलं का हे चुकतेही. कवा उगाच थरथरते, कवा मोठी लाट हुकवते. दहा दनक्यातले सगळेच वाचतीन असं नाई. हेमराजनं इचारलं का किती वाचतीन? ती म्हने, बरेच. हेमराज म्हने, बरेच म्हंजे काय वो बाई, पाठ बरीच वाचत नाई, वाचते नाई तं जाते. तेवढ्यावर तो अडला. दिव्यानीले बोट द्याची का नाई, ते त्यानं सांगतलंच नाई.

मंग परतीचा पाऊस आला, लांबला, वरच्या धरनाचं पानी सुटलं. नदीचं आन् नाल्याचं पानी एक झालं, आन् मधातलं गोंडाचं एक गाव बेटावानी राह्यलं. दुपारच्याले फोन आला. कलाबाई नावाची बाई, तिची सून करिश्मा, पयलटकरीन, कळा सुरू होऊन लय वेळ झाला होता. अँबुलन्स आमच्या घाटावर येऊन उभी होती, मधात नदी.

हेमराज निघाला. सवयीनं तीन पेचाले हात लावला. दिव्यानी तिथीच उभी राहून पाहे. हेमराजनं हात मांगं घेतला. डब्बा जागेवर राह्यला. मंग त्यानं नदीकडं पाहालं, वारा उलटा होता, लाट उभी होती. कंबरेले हात लावला. आन् म्हने, "तू चालव. मी पेशंटजवळ बसतो."

जाताना बोट रिकामी, जाऊन लागली. गावाच्या लोकाइनं करिश्माले खाटीवर उचलून आनलं, बोटीत खाट बसे नाई, म्हून खाली गोधड्या टाकल्या. हेमराज तिच्या मांगं बसला, तिची पाठ आपल्या छातीले टेकवली. जे मानूस जेवाले खाली बसे नाई ते बोटीच्या तळावर मांडी घालून बसलं. कलाबाई तिचे पाय धरून. करिश्मा "यायो, यायो" करे, म्हंजे माय, माय. कलाबाई तिले गोंडीत समजावे आन् हेमराजले मराठीत रागवे.

"बुढ्या, बोट आपटली तं लेकरू इथीच पडन. पोट्टीले धिरे सांग."

"धिरे नेली तं तरीही इथीच पडन," हेमराज म्हने. "तिले तिचं करू द्या, बाई."

दिव्यानीनं इंजन खोललं. पयली लाट. हँडल थरथरलं असन, हेमराजले कुठी दिसे, पन इंजनाचा आवाज जराक खाली आला, बोट चढली आन् उतरली. पुन्हा वाढला, पुन्हा खाली आला. हेमराज डोळे मिटून त्या आवाजाले आयकून राह्यला. दर वेळी तो आपल्या मनात म्हने आता, आन् दर वेळी दिव्यानीचा हात त्याच वक्ताले ये. कवा त्याच्या पयलेही ये. नदीच्या मधात एक लाट हुकली. काही खबर नाई, आन् बोट उडाली, पडली. करिश्मा किंचाळली. हेमराजच्या कंबरेतून आग गेली, त्यानं दात दाबले आन् पोरीले सोडलं नाई. कलाबाईनं देवाचं नाव घेतलं, दिव्यानीचंही घेतलं. हेमराजनं मान वळवून दिव्यानीकडं पाहालं. ते गुडघे वाकवून उभी होती, तोंड पांढरं, डोळे समोरच्या लाटेवर. तिनं बापाकडं पाहालं नाई. त्याले ते बरं वाटलं.

त्याच्यानंतर मोठा दनका बसला नाई. घाटाले लागले तवा अँबुलन्सवाल्याइनं करिश्माले उचललं, कलाबाई मांगं पळाली, आन् पळता पळता वळून म्हने, "पोट्टी बरी चालवते तुही. तूच जड आहेस."

गाडी घाट चढून गेली. हेमराजले उठता ये नाई. वच्छला पान्यात उतरून बोटीपाशी आली, दिव्यानीनं एक हात देला, वच्छलानं एक, आन् दोघीनं मिळून त्याले उभं केलं. तो उभा राहतच होता तं दिव्यानीचा फोन वाजला. खालच्या टोलीत पानी शिरलं, दोघं म्हातारे नवराबायको घरात अडकले. दिव्यानीनं इंजनाले हात लावला आन् बापाच्या तोंडाकडं पाहून थांबली. पावसाळाभर ज्याच्यासाठी मांजरीसंगं बोलून दिस काढले, ते इचाराची वेळ तिले सापडे नाई.

हेमराजनं एक पाय बोटीबाहेर टाकला. मंग दुसरा.

"जाय," तो म्हने. "साहेबाले मी सांगतो."

"बाबा, तुमी?"

"दोन म्हातारे आनाचे आहेत. तिसरा कशाले भरतीले? आन् हँडल थरथरलं नाई तरी समोर पाहत जाजो, बाई. ते चुकते. तू बी चुकशीन. गुडघे वाकवून ठेवजो."

दिव्यानी गेली. हेमराज गुडघाभर पान्यात उभा राहून पाहत राह्यला, बोट वळली, धारेले लागली, वाकावरच्या झाडाइमांगं गेली. मंग इंजनाचाच आवाज राह्यला, खाली ये, वर जाये, खाली ये, वर जाये. वच्छला म्हने, चला आता, ओले झाले तुमी. तो म्हने थांब जराक. आवाज पुरा बुजेपर्यंत त्यानं तिले हालू देलं नाई. मंग तिनं त्याले धरलं. पाठीले हात लावला तं दुखे, म्हून कोपराले धरलं, आन् घाट चढून दोघं धिरे धिरे घरी गेले.